बंदी कोणी घातलीच नाही : ‘द वॉर गेम’चे प्रकरण

७ सप्टेंबर १९६५ रोजी बीबीसीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड नॉर्मनब्रुक यांनी ब्रिटनचे कॅबिनेट सचिव सर बर्क ट्रेंड यांना एक पत्र पाठवले. बीबीसीने अणुयुद्धावर एक चित्रपट तयार केला आहे, तो पुष्कळ संयम राखून केलेला आहे, पण विषयच असा आहे की पाहणारा हादरल्याशिवाय राहणार नाही, आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेल्यास देशाच्या अण्वस्त्रधोरणाविषयी लोकांच्या मनात काय आहे यावर त्याचा मोठा परिणाम होऊ शकतो, असे त्या पत्रात म्हटले होते. अशा स्थितीत हा चित्रपट दाखवायचा की नाही हे ठरवण्याची जबाबदारी बीबीसीने एकटीने अंगावर घ्यावी का, याबद्दल आपल्याला शंका वाटते, सबब सरकारलाही आपले मत मांडण्याची संधी मिळावी, असा पत्राचा शेवट होता. तोवर कोणत्याही मंत्र्याने हा चित्रपट मागवलेला नव्हता, कोणी धमकावले नव्हते, कोणी प्रसारणाच्या परवान्याची आठवण करून दिली नव्हती. सरकारपासून स्वतंत्र म्हणून जगभर नावाजलेल्या संस्थेचा अध्यक्ष आपल्या पायांनी सरकारच्या दारात गेला होता.

तो चित्रपट म्हणजे पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर तो प्रथम दिसला तो ३१ जुलै १९८५ रोजी, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी. या वीस वर्षांत ब्रिटिश सरकारने त्याच्यावर बंदी घालणारा एकही हुकूम काढला नाही. आपल्याकडे सरकार आणि चित्रपट यांच्या संबंधांची चर्चा बहुधा सेन्सॉरच्या कात्रीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. कात्री दिसते, तिने कापलेली लांबी मोजता येते, कापणाऱ्या मंडळाचे नाव कागदावर असते. या प्रकरणात यातले काहीच नाही, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. हुकमाशिवाय चित्रपट कसा थांबतो, आणि हुकूम नसला की तो सोडवून आणणे किती कठीण होते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

केंटमधील चित्रीकरण

वॉटकिन्स तेव्हा तिशीही न गाठलेले दिग्दर्शक होते. १९६४ मध्ये त्यांनी बीबीसीसाठी ‘कलोडन’ नावाचा चित्रपट केला होता. स्कॉटलंडमधील १७४६ सालच्या लढाईच्या मैदानावर दूरचित्रवाणीचा कॅमेरा हजर असता तर त्याने काय टिपले असते, अशी त्यामागची कल्पना होती. कलाकार व्यावसायिक नव्हते, कॅमेरा हातात धरलेला होता, जखमी सैनिक थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलत होते. त्या चित्रपटाचे खूप कौतुक झाले आणि त्या बळावर त्यांना पुढचा विषय मिळाला : ब्रिटनवर अणुबॉम्ब पडला तर काय होईल.

हा विषय त्या काळात किती नाजूक होता हे समजण्यासाठी एकाच आठवड्यातील दोन तारखा पुरेशा आहेत. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी मतदान होऊन हॅरॉल्ड विल्सन यांचा मजूर पक्ष अगदी निसटत्या बहुमताने सत्तेवर आला, आणि १६ ऑक्टोबरला चीनने आपला पहिला अणुस्फोट केला. विरोधी बाकांवर असताना मजूर पक्षाने अमेरिकेकडून घ्यायच्या पोलारिस या, पाणबुडीतून डागायच्या, अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवर कडक टीका केली होती. सत्ता आल्यावर मात्र तोच कार्यक्रम पुढे चालू ठेवला. पक्षातील एक मोठा गट यामुळे दुखावला होता. १९५८ पासून दर ईस्टरला ऑल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र केंद्राशी जोडलेले मोर्चे निघत होते आणि त्यात हजारो माणसे चालत होती. अशा वेळी अणुयुद्धाचे चित्र घराघरांत दिसणे ही सरकारच्या दृष्टीने कलेची बाब नव्हती.

दुसरीकडे गृहखाते नागरी संरक्षणाची भाषा बोलत होते. १९६३ मध्ये त्याने घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली होती आणि तिची किंमत नऊ पेन्स होती. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासा, घरातील एक खोली आसऱ्यासाठी निवडा, तिच्या भिंती वाळूच्या किंवा मातीच्या पोत्यांनी जाड करा, चौदा दिवस पुरेल इतके अन्नपाणी साठवा, अशा सूचना तीत होत्या. वॉटकिन्स यांनी या सूचनांची थट्टा केली नाही, त्या खऱ्या धरल्या. पोती कुठून आणायची, त्यांना पैसे किती पडतील, ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत त्याने काय करायचे, लाखो बायका-मुले शहरांतून हलवली तर ती ज्या गावांत जातील तिथली माणसे त्यांना घरात घेतील का, असे सरळ प्रश्न त्यांनी विचारले. हिरोशिमा आणि नागासाकीचे अनुभव त्यांनी अभ्यासले, त्याचबरोबर दुसऱ्या महायुद्धात हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन येथे उठलेल्या अग्निवादळांची वर्णनेही तपासली. गृहखात्याने अधिकृत मदत नाकारली. चित्रपटनिर्मितीवर सरकारचा प्रभाव पडण्याची ही पहिली आणि सर्वांत साधी पायरी आहे, ती म्हणजे हवी असलेली माहिती, माणसे आणि साधने न देणे. अमेरिकेत संरक्षण खाते निर्मात्याला विमाने आणि युद्धनौका वापरायला देते आणि त्या बदल्यात पटकथा वाचून बदल सुचवते. तो व्यवहार मला पसंत नाही, पण निदान तिथे दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला कागद असतो. वॉटकिन्स यांच्या वाट्याला नुसता नकार आला, आणि तरीही त्यांनी चित्रपट केला.

१९६५ च्या वसंतात चित्रीकरण झाले ते इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील केंट परगण्यात, टनब्रिज, ग्रेव्हसेंड, चॅटम आणि डोव्हर या गावांत. भूमिका केल्या त्या त्याच गावांतील रहिवाशांनी. अग्निवादळाचे प्रसंग डोव्हरमधील वापरात नसलेल्या जुन्या लष्करी बराकीत घेतले गेले. चित्रपटाची लांबी सुमारे ४७ मिनिटे आहे आणि रंग काळा-पांढरा. निवेदकाचा आवाज बातम्या वाचणाऱ्याचा असतो तसा सपाट आहे. तो सांगतो की व्हिएतनाम आणि बर्लिन येथील तणाव वाढत गेला, शहरांतून स्थलांतर सुरू झाले, रेशन लागू झाले, आणि मग एका विमानतळावर रोखलेला बॉम्ब निशाणा चुकून दुसरीकडे फुटला. घराबाहेर असलेला एक लहान मुलगा त्या लखलखाटाकडे पाहतो आणि डोळे झाकून किंचाळू लागतो. डॉक्टर घरात आहे, वडील घरात आहेत, आणि तरी कोणाला काही करता येत नाही. त्यानंतर निवेदक तितक्याच सपाट आवाजात सांगतो की स्फोटाचा आवाज अजून यायचा आहे.

पुढे जे दिसते त्यातील एकच वस्तू मी जवळून सांगतो. मृतांची संख्या इतकी आहे की ओळख पटवणे अशक्य आहे, म्हणून प्रेते जाळण्यापूर्वी त्यांच्या बोटांतील लग्नाच्या अंगठ्या काढून घेतल्या आहेत. ओळख पुढे कधीतरी पटेल, या आशेवर. त्या अंगठ्या एका साध्या बादलीत भरल्या आहेत, आणि कॅमेरा त्या बादलीत डोकावतो. तिथे रक्त नाही, जखम नाही, आक्रोश नाही. भीषण दृश्ये दाखवून लोकांना घाबरवणारा चित्रपट अशी ज्याची संभावना झाली, त्यातील सर्वांत असह्य क्षण हा असा घरगुती वस्तूचा आहे.

मध्येमध्ये वॉटकिन्स रस्त्यावरील खऱ्या माणसांना प्रश्न विचारतात. अणुस्फोटातून निर्माण होणारा एक विशिष्ट किरणोत्सर्गी पदार्थ म्हणजे काय, हे माहीत आहे का? शत्रूने बॉम्ब टाकला तर आपणही उलटा टाकावा का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ कोणालाच येत नाही आणि दुसऱ्याचे बहुतेकांना लगेच येते. माझ्या मते सरकारला खरी अडचण इथे होती. प्रेतांचे प्रसंग अभिनयाचे आहेत असे म्हणता येते. ही उत्तरे मात्र खरी होती. लोकांच्या संमतीवर उभे असलेले धोरण लोकांच्या अज्ञानावर उभे आहे, असे तो चित्रपट न बोलता दाखवत होता.

चोवीस सप्टेंबरचा खेळ

नॉर्मनब्रुक यांना प्रशासनाच्या वाटा कोणी शिकवायला नको होत्या. १९४७ ते १९६२ अशी पंधरा वर्षे ते स्वतः कॅबिनेट सचिव होते. पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, पण मंत्रिमंडळाच्या टेबलाशी तेच बसले. ब्रिटनने अण्वस्त्रधारी देश व्हायचे ठरवले आणि हायड्रोजन बॉम्ब बनवायचा निर्णय घेतला, तो सगळा काळ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला होता. ज्या धोरणाबद्दल चित्रपट प्रश्न विचारत होता त्या धोरणाच्या फायली ज्यांच्या हातून गेल्या होत्या, तेच आता तो चित्रपट दाखवायचा की नाही हे ठरवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षपदी होते. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण उभ्या आयुष्याची सवय एका नेमणुकीच्या पत्राने सुटत नाही, आणि ज्याला पत्र लिहायचे तो माणूस आपल्याच जुन्या खुर्चीवर बसलेला असला, तर पत्र लिहिताना हात अडखळतही नाही.

२४ सप्टेंबर १९६५ रोजी चित्रपट दाखवला गेला. प्रेक्षकांत मंत्री नव्हते. स्वतः ट्रेंड होते, गृहखात्याचे अधिकारी होते, संरक्षण खात्याचे होते, पोस्ट खात्याचे होते आणि सेनादलप्रमुखांच्या वतीने आलेला एक प्रतिनिधी होता. या यादीतील प्रत्येक नाव विचारपूर्वक वाचावे. गृहखाते नागरी संरक्षणाचे काम पाहत होते, म्हणजे चित्रपटाने ज्या पुस्तिकेची झडती घेतली ती त्याचीच होती. संरक्षण खाते आणि सेनादले यांच्याकडे ती शस्त्रे होती. आणि पोस्ट खात्याकडे बीबीसीचा परवाना होता. चित्रपटाच्या गुणदोषांबद्दल ज्यांचे मत स्वतंत्र असू शकेल असा एकही माणूस, एखादा शास्त्रज्ञ, एखादा डॉक्टर, त्या खोलीत बोलावलेला असल्याचे दिसत नाही. सगळे प्रेक्षक प्रतिवादी पक्षाचे होते.

त्यांनी नकार दिला का? नाही. इथे या प्रकरणाचे मर्म आहे. नॉर्मनब्रुक यांनी बीबीसीचे महासंचालक सर ह्यू ग्रीन यांना जे कळवले त्याचा आशय एवढाच होता की आपण हा चित्रपट न दाखवण्याचे ठरवले तर सरकारी वर्तुळाला हायसे वाटेल, हे स्पष्ट आहे. मराठीत पत्रव्यवहाराची एक जुनी ओळ आहे, ‘सूज्ञांस सांगणे न लगे’. हजारो कागदांचा मसुदा केलेल्या माणसाला ती ओळ वाचता येते. त्यानंतर मंत्र्यांच्या पातळीवर विचार झाला आणि निष्कर्ष निघाला की निर्णय बीबीसीनेच घ्यावा. वरवर पाहता हा आदर्श निर्णय आहे : सरकारने संस्थेच्या स्वायत्ततेचा मान राखला. पण आपल्याला काय आवडेल ते आधी कळवून झाल्यावर राखलेला मान हा मान नसतो, ती सोय असते.

सोय कशाची, ते परवान्यात सापडते. बीबीसीच्या परवान्यातील एका कलमानुसार कोणताही कार्यक्रम प्रसारित करू नये असा लेखी आदेश देण्याचा अधिकार पोस्टमास्टर जनरल या मंत्र्याला होता. त्या पदावर तेव्हा अँथनी वेजवुड बेन होते, पुढे टोनी बेन या नावाने अण्वस्त्रविरोधी चळवळीत ओळखले गेलेले तेच. म्हणजे कायद्याने बंदी घालणे सरकारला शक्य होते, त्यासाठी नवा कायदा करावा लागला नसता. पण त्या अधिकाराला एक काटा होता. असा आदेश मिळाल्याचे बीबीसीला जाहीर करता येत असे. आदेश निघाला असता तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळा आला असता, संसदेत मंत्र्याला उभे राहून कारणे द्यावी लागली असती, आणि आपल्याच नागरिकांना आपल्याच पुस्तिकेतील सूचनांचा अर्थ कळू नये असे सरकारला का वाटते, हा प्रश्न टाळता आला नसता. अधिकार वापरला तर उत्तर द्यावे लागते. इच्छा कळवली तर द्यावे लागत नाही.

‘आमचा निर्णय’

२६ नोव्हेंबर १९६५ रोजी बीबीसीने निवेदन काढले. प्रसारणाच्या माध्यमासाठी या चित्रपटाचा परिणाम फार भयंकर आहे असे बीबीसीचे मत झाले आहे, असे त्यात सांगितले होते. हा बीबीसीचा स्वतःचा निर्णय आहे, तो बराच विचार आणि चर्चा करून घेतला आहे आणि कोणत्याही प्रकारच्या बाहेरच्या दडपणामुळे घेतलेला नाही, असेही त्यात आवर्जून नमूद केले होते. संसदेत प्रश्न आले तेव्हा सरकारनेही निर्णय बीबीसीचा असल्याचे सांगितले. दोन्ही विधाने अक्षरशः खरी होती. ७ सप्टेंबरचे पत्र आणि २४ सप्टेंबरचा खेळ मात्र त्या निवेदनात कुठेही नव्हता.

बीबीसीची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. चित्रपटगृहात माणूस ठरवून जातो, तिकीट काढतो, त्याला काय पाहायचे आहे हे माहीत असते. दूरचित्रवाणी घरात येते, मधूनच सुरू होते, आणि समोर कोण बसले आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर, मनाने दुबळ्या असलेल्या माणसांवर त्याचा काय परिणाम होईल, ही चिंता ग्रीन यांनी पुढेही बोलून दाखवली आणि निर्णय आपलाच होता असेच ते म्हणत राहिले. ग्रीन हे सरकारपुढे वाकणारे म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत बीबीसीने राजकारण्यांची यथेच्छ टर उडवणारे कार्यक्रम दाखवले होते आणि त्यांनी त्यासाठी शिव्याही खाल्ल्या होत्या. त्यामुळे काही इतिहासकार असे मानतात की बीबीसीने खरोखर स्वतःच ठरवले आणि सरकारचे मत हा त्यातील एक मुद्दा होता, निर्णायक मुद्दा नव्हे. कागदपत्रे पुढच्या दशकांत टप्प्याटप्प्याने खुली झाली, तरी हा वाद पूर्ण मिटलेला नाही.

मला मात्र तो वाद ज्या ठिकाणी उभा केला जातो ती जागाच चुकीची वाटते. सरकारने हात पिरगळला की बीबीसीने स्वखुशीने हात पुढे केला, असा प्रश्न विचारला की दोनांपैकी एक उत्तर निवडावे लागते, आणि प्रत्यक्षात घडले ते या दोहोंच्या मधले होते. आपण कागदावरील शब्दांकडे पाहावे. नोव्हेंबरच्या निवेदनातील कारण भयानकतेचे आहे. सप्टेंबरच्या पत्रातील कारण अण्वस्त्रधोरणाचे आहे. वृद्धांचे मानसिक आरोग्य ही पहिली चिंता असती तर पत्र एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला गेले असते. ते कॅबिनेट सचिवाला गेले, कारण लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा प्रश्न राजकीय होता. अडीच महिन्यांत कारण बदलले, परिणाम मात्र तोच राहिला.

फेब्रुवारी १९६६ मध्ये बीबीसीने लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये चित्रपटाचे निमंत्रितांसाठी खेळ केले. खासदार आले, पत्रकार आले, अधिकारी आणि मान्यवर आले. मागून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मार्फत तो केवळ प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रावर चित्रपटगृहांत गेला आणि त्याच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती चर्चच्या सभागृहांत, महाविद्यालयांत आणि अण्वस्त्रविरोधी गटांच्या बैठकांत फिरू लागल्या. म्हणजे चित्रपट नष्ट झाला नाही. ज्याला मुद्दाम पाहायचा आहे त्याला तो सापडत होता. बाहेर ठेवला गेला तो एकच वर्ग, आणि तो सर्वांत मोठा होता : रोजचे काम आटोपून संध्याकाळी संच लावणारी सर्वसाधारण माणसे, ज्यांच्या नावाने आणि ज्यांच्या करातून ती शस्त्रे उभी राहत होती. केंटच्या ज्या लोकांनी त्यात जीव ओतून काम केले होते, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो घरबसल्या पाहण्याइतके शहाणे समजले गेले नाही. खासदाराला जे पाहवते ते डोव्हरच्या गोदी कामगाराला पाहवणार नाही, या गृहीताचा मला आजही राग येतो.

‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्रात समीक्षक केनेथ टायनन यांनी हा कदाचित आजवर बनलेला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट असू शकेल अशा शब्दांत त्याचे वर्णन केले. १९६६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला विशेष पारितोषिक मिळाले. १९६७ च्या वसंतात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. ज्या चित्रपटातील एकही घटना प्रत्यक्षात घडलेली नव्हती त्याला माहितीपटाचा पुरस्कार मिळावा ही एक वेगळीच चर्चा आहे, तिच्यात मी शिरत नाही. ऑस्कर मिळाल्यावरही तो ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर आला नाही. वॉटकिन्स तोवर बीबीसीतून बाहेर पडले होते, आणि थोड्याच वर्षांत देशातूनही. त्यांचे पुढचे बहुतेक काम स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्स अशा देशांत झाले.

दाद कुणाकडे मागायची

या प्रकरणाशेजारी आपल्याकडील एक प्रकरण ठेवून पाहण्यासारखे आहे, कारण विषयही अण्वस्त्रांचाच आहे. १९९८ मध्ये भारताने आणि पाकिस्तानने अणुचाचण्या केल्यानंतर मुंबईचे माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ हा दीर्घ माहितीपट केला. सेन्सॉर मंडळाने त्यात एकवीस ठिकाणी कापाकापी सुचवली. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये न्यायालयाने चित्रपट एकही काट न देता दाखवण्याचा मार्ग मोकळा केला. आपल्या सेन्सॉर पद्धतीविषयी माझे मत फारसे चांगले नाही, आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेला वेळ आणि पैसा निर्मात्याला कोणी परत देत नाही. पण एवढे खरे की तिथे एक कागद होता. त्यावर तारीख होती, मंडळाचे नाव होते, कोणता प्रसंग का काढायचा हे लिहिलेले होते. त्या कागदाला आव्हान देता आले. न्यायाधीशांना तो कागद एका हातात आणि राज्यघटनेचे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम १९ दुसऱ्या हातात धरून तुलना करता आली.

वॉटकिन्स यांच्या हातात काय होते? त्यांच्या मालकानेच, म्हणजे चित्रपटाचे सर्व हक्क ज्याच्याकडे होते त्या संस्थेने, आपला चित्रपट आपण दाखवणार नाही असे सांगितले होते. कोणत्याही प्रकाशकाला, कोणत्याही वाहिनीला तो अधिकार असतोच. त्याविरुद्ध जाता येईल असे न्यायालय नव्हते, न्यायाधिकरण नव्हते, अपील समिती नव्हती. सरकारकडे जावे तर सरकार म्हणणार, आम्ही काही केलेले नाही. बीबीसीकडे जावे तर बीबीसी म्हणणार, हे आमच्या संपादकीय विवेकाचे काम आहे, आणि ज्याने त्या विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी भांडायला हवे तोच त्या विवेकाविरुद्ध भांडताना दिसणार. बाहेरच्या दडपणापासून संस्थेचे रक्षण करण्यासाठी जे नियामक मंडळ नेमलेले असते, त्याच्या अध्यक्षांनीच आतून फाटक उघडलेले असल्यामुळे तक्रार करायला राखणदार उरला नव्हता.

सरकारी कचेरीत किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत काम केलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. लेखी काही येत नाही. फोन येतो, किंवा फोनही येत नाही, नुसते कुणीतरी भेटून जाते. मग ‘सध्या नको’, ‘जरा वातावरण निवळू द्या’, ‘आपणच कशाला ओढवून घ्या’ अशी वाक्ये टेबलावरून टेबलावर फिरतात, आणि शेवटी जो खालचा माणूस फाईल बंद करतो त्याची सही निर्णयावर राहते. ती सही खोटी नसते. तो निर्णय त्यानेच घेतलेला असतो. फक्त तो घेताना त्याने मनातल्या मनात कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिले हे सहीत दिसत नाही. नॉर्मनब्रुक यांच्या पत्राचे मोल यासाठी आहे की एरवी हवेत विरून जाणारी ही नजर इथे कागदावर उतरली आणि जपली गेली. ते स्वतः १९६७ मध्येच वारले. ही कागदपत्रे लोकांसमोर आली तेव्हा त्यांना काही विचारण्याची सोय राहिली नव्हती.

एकदा न दाखवण्याचा निर्णय झाला की तो आपल्या वजनाने टिकतो, ही गोष्टही या प्रकरणात स्पष्ट दिसते. १९६५ चे मंत्री गेले, महासंचालक बदलले, शीतयुद्ध थोडे निवळून पुन्हा तापले, तरी चित्रपट कपाटातच राहिला. प्रत्येक नव्या अधिकाऱ्यापुढे प्रश्न हा नव्हता की हा दाखवावा का. प्रश्न हा होता की आधीच्यांनी नाकारलेला हा आपणच का दाखवावा. हुकूम असता तर तो कोणीतरी मागे घेतला असता, निदान त्याची मुदत संपली असती. इथे मागे घेण्यासारखे काही नव्हते.

अखेर वातावरण बदलले ते बाहेरून. १९८० नंतर अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे ब्रिटनमध्ये आणण्याच्या निर्णयाने अण्वस्त्रविरोधी चळवळ पुन्हा मोठी झाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने अणुहल्ल्यावरचा एक चित्रपट कोट्यवधी प्रेक्षकांना दाखवला. सप्टेंबर १९८४ मध्ये खुद्द बीबीसीने शेफील्ड शहरावर बॉम्ब पडल्याची कल्पना करणारा ‘थ्रेड्स’ प्रसारित केला, आणि तो ‘द वॉर गेम’पेक्षा तसूभरही सौम्य नव्हता. त्यानंतर भयानकतेचे कारण पुढे करणे बीबीसीला शक्य राहिले नाही. ३१ जुलै १९८५ रोजी, हिरोशिमाच्या चाळिसाव्या स्मृतिदिनाला आठवडा उरला असताना, बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘द वॉर गेम’ दाखवला गेला. प्रसारणानंतर देशात काही उलथापालथ झाली नाही. ज्या नागरी संरक्षणाच्या व्यवस्थेची त्याने झडती घेतली होती ती १९६८ मध्येच गुंडाळली गेली होती, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांतील मोटारी आणि कपडे जुने झाले होते.

चित्रपटाच्या शेवटाकडे, हल्ल्यानंतर चार महिन्यांनी, नाताळच्या दिवशी, निर्वासितांच्या छावणीत एक धर्मगुरू ग्रामोफोनची तबकडी बोटाने फिरवत नाताळचे गाणे ऐकवतो, कारण वीज नाही. तिथे काही अनाथ मुलांना विचारले जाते की मोठे होऊन तुम्हाला कोण व्हायचे आहे. एकामागून एक मुलगा कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो की मला कोणीच व्हायचे नाही. केंटमधील ती खरी मुले, ज्यांनी १९६५ च्या वसंतात ते वाक्य म्हटले, त्यांना स्वतःला ते घरच्या दूरचित्रवाणी संचावर ऐकायला मिळाले तेव्हा ती तिशीच्या आसपास पोचली होती.